थोरली, धाकटी आणि देवीचा कौल

माझ्यामुळे आमची कुलदेवी एकदा सव्वातीन तास गप्प बसली होती.

तशी ती बोलकी देवी. आमचे पूर्वज तीनएकशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून बंगळूरला आले आणि परत जायचं विसरले. येताना त्यांनी तिचा पितळी मुखवटा सोबत आणला, आणि तेव्हापासून घरातले सगळे मोठे निर्णय तीच घेते. आमचं काम फक्त ते निस्तरायचं. वाहनाच्या बाबतीत म्हणाल तर तीनशे वर्षांत घराणं घोड्यावरून स्कूटरवर आलं होतं. (घोड्याला निदान किक मारावी लागत नसे.)

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. राजाजीनगरातलं आमचं भांड्यांचं दुकान बरं चाललं होतं आणि दुकानाच्या मागच्या घरात आम्ही नऊ माणसं राहत होतो. वडील, म्हणजे अण्णा. आई, म्हणजे अम्मा. अण्णांची थोरली विधवा बहीण, म्हणजे अक्का. मी, माझी बायको सुमन आणि आमची मुलगी. माझा धाकटा भाऊ वसंता, त्याची बायको आणि त्यांचा मुलगा. एके दिवशी जेवताना अण्णा म्हणाले, "या दसऱ्याला दारात मोटार पाहिजे." वसंताच्या हातातला घास आमटीत पडला.

गाडी कशाला हवी होती ते सांगायला हवं. मी बारा वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला होता. तेव्हा अम्मानं नवस बोलला होता: पोरगा वाचला तर घरात पहिली गाडी येईल तेव्हा अख्खं घर तीत बसून तुळजापूरला येईल. मी वाचलो. गाडी काही येईना. चोवीस वर्षं अम्मा दर दसऱ्याला देवीची माफी मागत होती, आणि दर वेळी माझ्याकडे असं बघायची, जणू मी वाचायची जरा घाईच केली.

बाजारात तेव्हा नव्या तऱ्हेच्या गाड्या आल्या होत्या. जीपसारख्या उंच आणि घरच्या बैठकीसारख्या ऐसपैस. एकाच कंपनीनं त्यातल्या दोन काढल्या होत्या. इंजिन एकच, सांगाडा एकच, समोरून तोंडवळाही एकच. वसंतानं त्यांची नावं ठेवली थोरली आणि धाकटी. थोरलीत एसी, मखमली सीटा, पायाखाली गालिचा, बटण दाबलं की खाली जाणाऱ्या काचा. धाकटीत रेक्झिन, हातानं फिरवायच्या काचा आणि मागे समोरासमोर दोन लांब बाकडी. थोरलीत सात माणसं बसायची, धाकटीत नऊ.

आम्ही नऊ जण शोरूमला गेलो. म्हणजे तीन रिक्षा करून गेलो. सेल्समन पोरगेलासा होता, टाय बांधलेला. वसंता थेट स्टिअरिंगला जाऊन चिकटला. पोरांनी थोरलीच्या काचा इतक्या वेळा वरखाली केल्या, की शेवटी सेल्समननं चावीच काढून घेतली. अक्कानं धाकटीच्या मागच्या दारातून चढून बघितलं, बाकड्यावर मांडी घातली आणि म्हणाली, "हे बरं आहे. इथं वाटाणे सोलता येतील."

मी मात्र थोरलीवरून हात फिरवत उभा होतो. खोटं कशाला बोलू, माझं मन तिच्यावर जडलं होतं. त्यात सुमनचा भाऊ. तो पुण्याहून येऊन जे. पी. नगरात राहत होता आणि कॉम्प्युटर कंपनीत होता. आदल्या रविवारीच तो म्हणाला होता, "भाऊजी, धाकटी घेऊ नका हं. बेसिक मॉडेल आहे ते. एअरपोर्टवर टॅक्सीला असतं." मी म्हटलं होतं, "छे! आम्ही थोरलीच बुक करतोय." तेव्हा आमच्याकडे गाडीचं साधं माहितीपत्रकसुद्धा नव्हतं.

"यात नऊ माणसं बसतील काय?" मी थोरलीकडे बोट दाखवून विचारलं.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सार," सेल्समन म्हणाला, म्हणजे थोडं सांभाळून घ्या, आणि त्यानं अक्काकडे बघितलं. अक्का अ‍ॅडजस्ट होण्यातली नव्हती.

अण्णा सगळ्यात शेवटी थोरलीत बसले. सेल्समननं एसी लावला. अण्णांनी डोळे मिटले. दहा मिनिटं गेली तरी उघडेनात, तेव्हा वसंतानं काचेवर टकटक केलं. अण्णा खाली उतरले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "नुसती चैन आहे. आपल्याला धाकटी पुरे." मला त्यांचा राग आला. एवढ्या थंड हवेत बसून माणूस इतका रुक्ष कसा राहू शकतो, ते मला समजेना.

घरी जुंपली. मी म्हटलं, थोरली घेऊ, तुळजापूरला सात जण गाडीतून जातील आणि दोघं रेल्वेनं येतील. मग अम्मा ताट उचलता उचलता म्हणाली, "सरी, बरं तर. मी अन् अक्का रेल्वेनं येतो."

जिच्या नवसासाठी गाडी, तीच रेल्वेनं येणार! इतरांचे चेहरे पडले. माझा पडला नाही. मला हायसं वाटलं, आणि हे मी आज लिहितोय ते लाज वाटते म्हणूनच.

वाद मिटेना. शोरूममध्ये दोन्ही गाड्या एकेकच शिल्लक होत्या, आणि दसऱ्याआधी हवी असेल तर शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवा, असं सेल्समननं बजावलं होतं. शेवटी अक्का म्हणाली, "भांडताय कशाला? कौल लावू."

आमच्याकडचा कौल असा. देवीच्या मुखवट्याच्या दोन्ही गालांवर ओल्या बोटानं शेवंतीची एकेक पाकळी चिकटवायची. प्रश्न सांगायचा. पाणी वाळेल तशी एक पाकळी आधी गळते, आणि तिच्या बाजूचं उत्तर ते देवीचं उत्तर. पंधरा-वीस मिनिटांत निकाल लागतो. वसंताचं कॉलेज, दुकानाची पाटी, माझं लग्न, सगळं पाकळ्यांवर ठरलेलं. (माझ्या वेळी नक्की कुठली पडली होती, हे सुमन अजून अधूनमधून विचारते.)

शनिवारी सकाळी साडेनऊला अक्कानं पाकळ्या लावल्या आणि जाहीर केलं, "उजवीकडची पडली तर थोरली, डावीकडची पडली तर धाकटी. मी तुळस आणते, तोवर सगळ्यांनी हातपाय धुऊन या." तुळस शेजारच्या अंगणात होती आणि शेजारीण बोलघेवडी होती. म्हणजे निदान दहा मिनिटं माझी होती.

मी दुकानात पळालो. पुड्या चिकटवायची डिंकाची बाटली गल्ल्याशेजारी असायची. ती होती, पण बूच उघडं होतं. त्याचा विचार करायला वेळ नव्हता. मी बोटावर थेंब घेतला आणि देवघराकडे निघालो, तर दारात अण्णा! ते बाहेर येत होते, धोतराला बोटं पुसत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, नमस्कार कर जा."

हिशेब सोपा होता. धाकटीची पाकळी पक्की चिकटवली की ती पडणार नाही, म्हणजे थोरलीची पडणार. मी देवीसमोर हात जोडले, माफी मागितली (आधी मागितलेली बरी), माझ्या डाव्या हाताची पाकळी अलगद उचलली, खाली डिंक लावला आणि पुन्हा दाबली. मन आनंदानं नुसतं उड्या मारत होतं. सुमनच्या भावाच्या दारात थोरली उभी आहे आणि मी बटण दाबून काच खाली करतोय, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

पावणेदहाला सगळे देवघरासमोर बसले. पोरं पुढे सरकून पाकळ्यांवर डोळे लावून बसली. दहा वाजले. सव्वादहा वाजले. पाकळ्या ढिम्म. वसंता म्हणाला, "आज हवेत ओल आहे." साडेदहाला अक्कानं कापूर लावला. अकराला अम्मानं घंटा वाजवली. मी मनात म्हणत होतो, मी चिकटवलेली पडणार नाही हे मला माहीत आहे, पण दुसरी का अडून बसली आहे?

साडेअकराला सेल्समनचा फोन आला. "सार, डिसिजन?"

"देवी बोलली की सांगतो," वसंता म्हणाला.

"ओके सार. मॅडमना विचारून सांगा."

तोवर बातमी गल्लीत गेली होती. शेजारीण दोघींना घेऊन आली. एक म्हणाली, देवी रागावली आहे. दुसरी म्हणाली, देवीला गाडीच नको असेल. वसंताच्या बायकोनं सगळ्यांसाठी कॉफी टाकली. बाराला पुन्हा फोन आला. वसंतानं अर्धा तास वाढवून मागितला, साडेबाराला आणखी अर्धा, आणि मग रिसीव्हरच काढून ठेवला. पाकळ्या सुकून कडेनं वळल्या होत्या, पण गालांवरून हलायला तयार नव्हत्या. अण्णांना घाम फुटला होता आणि ते सारखे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

आणि मग अक्का रडायला लागली.

"माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "साठ वर्षांत असं झालं नाही. मी विधवा बाई, मी हातच लावायला नको होता. आता पाकळी पडेपर्यंत मी पाणीसुद्धा पिणार नाही."

माझी सगळी मजा तिथं संपली. ही माझी आत्या, टायफॉइडमध्ये एकवीस दिवस माझ्या उशाशी बसलेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात अम्मा उठली. ओल्या फडक्यानं देवीचा गाल पुसायला गेली आणि तिचं बोट पाकळीला चिकटलं. तिनं बोट नाकाशी नेलं.

"डिंक," ती म्हणाली. "कुणी लावला?"

"मी," मी म्हटलं. "डावीकडच्या पाकळीला. थोरली यावी म्हणून."

अक्काचं रडणं थांबलं. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अरे, ही देवीची उजवी बाजू. कौल देवीच्या हातानं मोजतात, तुझ्या नव्हे. तू थोरलीचीच पाकळी चिकटवलीस."

अम्मानं दुसऱ्या गालाला हात लावला. तिथंही बोट चिकटलं. "मग ही धाकटीची कुणी चिकटवली?"

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "मला दुकान उघडायचंय."

"बसा खाली," अम्मा म्हणाली. चाळीस वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच असं बोलत होती. अण्णा बसले.

मग सगळं बाहेर आलं. थोरलीच्या थंड सीटवर अण्णा विरघळले होते. पण घरात कर्ता पुरुष, काटकसरीची भाषणं देणारा. चैन हवी असं तोंडानं म्हणवेना. म्हणून त्यांनी ते देवीकडून म्हणवून घ्यायचं ठरवलं, आणि नेमकी बरोबर पाकळी चिकटवली. मी काहीच केलं नसतं तर वीस मिनिटांत थोरली दारात आली असती.

"गाढवा," अण्णा पुटपुटले, "नुसता नमस्कार करायला सांगितलं होतं तुला."

अम्मानं दोन्ही पाकळ्या सोडवल्या, देवीचा चेहरा गरम पाण्यानं पुसला आणि अक्काला पाणी प्यायला दिलं. मग पदर खोचून म्हणाली, "देवीला तुम्ही बोलू दिलं नाही. आता मी बोलते. वसंता, त्या पोराला फोन लाव. धाकटी आण. आणि तुळजापूरला दोघं रेल्वेनं जाणार असं ठरलं होतं ना? ते तसंच राहू दे. हे दोघं जातील."

"पण आता नऊ जागा आहेत," मी म्हटलं.

"त्या दोन जागांवर पिठाचा डबा अन् माझ्या चकल्या बसतील," अम्मा म्हणाली.

"आणि नवस? अख्खं घर एका गाडीत?"

"सोलापूर स्टेशनवरून आम्ही तुम्हाला उचलू. देवीच्या दारात नऊ जण एका गाडीतून उतरले म्हणजे झालं."

दसऱ्याच्या गर्दीत आम्हाला रिझर्व्हेशन मिळालं नाही. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा आणि मी दाराजवळ आपापल्या बॅगांवर बसलो. रायचूरपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. रायचूरला मी त्यांना चहा आणून दिला, तेव्हा म्हणाले, "उजवं-डावं तरी शिकायचं होतंस." वाडी स्टेशननंतर त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मस्त झोपले. मला, का कोण जाणे, त्या दिवशी फार आनंद झाला.

सोलापूरला धाकटी उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. आत सात जणांनी चकल्यांचा फडशा पाडला होता. आम्ही मागच्या बाकड्यावर चेपून बसलो, समोर अक्का मांडी घालून बसली होती, आणि अम्मा तुळजापूरपर्यंत खिडकीतून बाहेर बघत हसत होती. चोवीस वर्षांची माफी त्या तासाभरात संपली.

तुळजापूरच्या देवळात एक गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे. दगड उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही. आमच्या घरातल्या सगळ्यांनी एकेक करून हात ठेवले, पोरांनीसुद्धा. मग मी आणि अण्णा पुढे झालो, तर अम्मा आडवी आली.

"तुम्ही दोघं लांबूनच नमस्कार करा," ती म्हणाली. "आणि आधी हात दाखवा बघू."

आम्ही हात दाखवले. तिनं ते उलटेपालटे करून तपासले. मग रांगेतल्या शंभर माणसांसमोर, छत्तीस वर्षांचा मी आणि पासष्ट वर्षांचे माझे वडील, मुकाट्यानं चार पावलं मागे सरून उभे राहिलो.