सगळं धरून एक हजार

लॉजच्या काउंटरवर एकवीस वर्षं बसलेल्या माणसाला नेहमीची गिऱ्हाइकं ‘जादाकाका’ म्हणत. बाहेर पाटीवर खोली आठशे. आत सही घ्यायची, बॅगा वर पोचू द्यायच्या, मग हळूच सांगायचं: चादरींचे साठ, सफाईचे शंभर, देखभालीचे चाळीस. मालकाची रीतच ती. बॅगा वर गेलेला माणूस सहसा खाली उतरत नाही.

पण भांडतो! आणि काकांना तेच हवं असायचं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, लेक दूरदेशी. घरी कुकरच्या शिट्टीखेरीज कुणी आवाज चढवत नव्हतं.

“चादरींचे वेगळे? मग काय गोणपाटावर झोपू?”

“गोणपाटाचे तीस.”

माणूस आधी तडकायचा, मग हसायचा, मग काउंटरला कोपर टेकायचा. पोरं, गुडघे, शेजाऱ्याचं कुत्रं, सगळं निघायचं.

मग सरकारचा नवा नियम येऊ घातला: सक्तीचे सगळे पैसे पाटीवरच्या भावातच दाखवा. त्यावर सुनावणी ठेवली. मालक म्हणाला, “काका, तुम्ही उठून सांगायचं, खोली ठरवतानाच आम्ही फोनवर सगळं सांगतो म्हणून.” काकांनी मान डोलावली. त्यांना तरी कुठे तो नियम हवा होता?

त्यांच्याआधी एक शिवणकाम करणारी बाई उठली. नवऱ्याला दवाखान्यात दाखवायला आणलेलं, खोलीपुरते आठशेच जवळ. “दोनशेपायी त्यांना धरून धरून जिना उतरवला.” तिची नजर काकांवर गेली. “हेच होते. बरे होते हो बोलायला. हसत सांगितलं.”

काकांनी खूप आठवून पाहिलं. बाई काही आठवेना.

त्यांची पाळी आली तेव्हा ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. “फोनवर नाही सांगत. सही झाल्यावर सांगतो. मीच सांगतो.”

मालकाने कपाळावर हात मारला.

नियम झाला. पाटीवर आता ‘सगळं धरून एक हजार’. नोकरी टिकली, मालक तेवढा कामापुरतंच बोलतो. परवा एक प्रवासी आला, हजार ठेवले, सही केली, किल्ली उचलली.

“कुठून आलात म्हणायचं?” काकांनी विचारलं.

“लांबून,” मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला आणि जिना चढू लागला.

वर दार लागेपर्यंत काका तोंडाशी आलेला पुढचा प्रश्न तसाच धरून उभे होते.