बाबांवरची बंदी

सरकारने पैसे लावून खेळायचे मोबाईलवरचे खेळ बंद केले, त्याच्या जवळजवळ पाऊण वर्ष आधी मी माझ्या वडिलांवर बंदी घातली होती. सरकारची बंदी योग्य होती असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. माझ्या बंदीबद्दल मात्र मी इतकी वर्षं ज्या सरकारी भाषेत पत्रं लिहिते, त्या भाषेत काही लिहिता येत नाही.

मी ओरोसला सरकारी कचेरीत नोकरी करते, तिथेच क्वार्टरमध्ये राहते. बाबा तोंडवलीला दादा-वहिनीकडे. दादाची पर्यटकांना फिरवायची होडी आहे, वहिनी घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते आणि त्यांचं जेवणखाण बघते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही, आणि गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे ‘ड्रायव्हरानु’ म्हणत.

आई गेल्यावर त्यांना मोबाईल मीच घेऊन दिला. व्हिडीओ कॉल कसा लावायचा ते पडवीत बसून शिकवलं. रमी त्यांना शिकवावी लागली नाही. मुक्कामाच्या गाडीवर असताना ते आणि त्यांचे कंडक्टर, तळेऱ्याचे, डेपोत पत्ते खेळत. दोघांनी एकाच गाडीवर अकरा वर्षं काढली होती. मोबाईलवर रमीची जाहिरात आली, पहिल्यांदा खेळणाऱ्याला कंपनीच वर थोडे पैसे देत होती, आणि बाबा पहिल्या आठवड्यात जिंकले. मला फोन करून सांगितलं त्यांनी. मी हसले होते.

वर्षभरात फंडाचे पैसे गेले. आम्हाला ते कळलं नाही, कारण बाबा चिडचिड करत नव्हते, उधार मागत नव्हते, जेवण टाकत नव्हते. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ड्युटीवर बसावं तसे ते पडवीत मोबाईल घेऊन बसत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “ह्यो जुगार न्हय गो बाये. डोक्याचो खेळ आसा. कायद्यात तसा लिवलेला आसा.”

त्यात तथ्य होतं. पत्ते कसे पडतील ते नशीब, पण ते कसे लावायचे ते कौशल्य, म्हणून रमी जुगारात धरत नाहीत, हे मला ऑफिसातही ऐकायला मिळालं होतं. आमच्याकडे एका बाईचा अर्ज आला होता. नवरा मोबाईलवर खेळतो, काजूची बाग गहाण टाकायला निघालाय, साहेबांनी त्याचा खेळ बंद करावा, असा. ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ हे उत्तर मीच टाईप केलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सीनियर म्हणाले, “बरोबर आहे. मोठ्या माणसाने स्वतःच्या पैशाचं काय करावं, हे सरकारने का ठरवायचं? सरकार स्वतः लॉटरी विकतं. पलीकडे गोव्यात बोटीवर बसून खेळलं तर चालतं. मग घरी बसून खेळणाऱ्याला कुठल्या तोंडाने अडवायचं?” मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. पत्र पाठवून दिलं.

मग वहिनीच्या बांगड्या गेल्या.

चार बांगड्या, तिच्या आईने दिलेल्या. लग्नाला जायचं म्हणून तिने कपाट उघडलं तर डबी रिकामी. तिने आधी खोलीत राहून गेलेल्या पाहुण्यांवर संशय घेतला, नंतर भांडी घासायला येणाऱ्या बाईवर. त्या बाईला तिने चार माणसांत विचारलं. ती रडत घरी गेली. हे सगळं बाबा पडवीत बसून ऐकत होते. तीन दिवस ऐकत होते. चौथ्या दिवशी दादा पोलिसात जायला निघाला, तेव्हा म्हणाले, “थांब रे. मी घेतलंय.”

मी दुपारच्या गाडीने तोंडवलीला आले. बाबा खाली मान घालून बसले होते. “माका वाटला, एक डाव लागलो की सोडवून हाडतलंय,” एवढंच म्हणाले. बांगड्या सावकाराकडे होत्या आणि सोडवायची मुदत उलटून गेली होती.

मी हात पुढे केला. त्यांनी मोबाईल दिला. मग उठून आत गेले, चार्जर आणला, वायर नीट गुंडाळून तोही माझ्या हातात ठेवला. इतक्या मुकाट्याने देतील असं वाटलं नव्हतं. ते भांडले असते तर कदाचित माझा राग तिथेच संपला असता.

पुढचं सगळं मी शांत डोक्याने केलं. पेन्शनचं एटीएम कार्ड माझ्याकडे घेतलं. बाजारात मोबाईलवाल्याला सांगितलं, बाबांना सिमकार्ड द्यायचं नाही. चहाच्या हॉटेलात सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, की बाबांच्या हातात कुणी स्वतःचा मोबाईल देऊ नका. का, ते प्रत्येक ठिकाणी सविस्तर सांगितलं. तसं सांगायची गरज नव्हती. ‘डोळ्यांना त्रास होतो त्यांच्या’ एवढं म्हटलं असतं तरी लोकांनी ऐकलं असतं. मी बांगड्यांचं सांगितलं.

आणि जत्रा आली. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. माणूस नारळ ठेवतो, गावकर, म्हणजे देवळाचा मानकरी, त्याच्या वतीने मोठ्याने देवाला सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. मी बाबांना म्हटलं, तुमच्या नावाने गाऱ्हाणं घालायचं, तुम्ही उभं राहायचं. ते म्हणाले, “सोमवारी जाऊया. गर्दी नसता.” मी म्हटलं, “नाही. जत्रेलाच.”

गावकरांना काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी जाऊन सांगून आले. ते जरा चाचरले. “येवढा उघड कशाक? देवाक सगळा कळता,” म्हणाले. मी म्हटलं, “लोकांनाही कळू दे.”

देवळाबाहेर खेळण्यांची, खाज्याची दुकानं लागली होती. पलीकडे माडांच्या आडोशाला चित्रांवर पैसे लावायचा खेळ बसला होता, दर वर्षी बसतो तसा. पोलीस दिसले की कापड गुंडाळायचं, गेले की पसरायचं. बाबा धुतलेलं धोतर नेसून सभामंडपात उभे राहिले. गावकरांनी सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान सुनेच्या बांगड्यांका हात लायल्यान.”

“व्हय म्हाराजा.”

“मोबाईलातल्या पत्त्यांपायी लायल्यान. दुसऱ्याच्या बायलमाणसावर आळ येवक दिल्यान.”

“व्हय म्हाराजा.”

पुरुषांच्या मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग तिघेचौघे हसले. बाबांचे ओठ हलताना मी बघत होते. लोकांबरोबर तेही ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते, प्रत्येक वेळी, अर्धा शब्द उशिरा. वहिनी माझ्या शेजारी उभी होती, तिने पदराने तोंड झाकून घेतलं. मी झाकलं नाही. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना मी दुसरा एखादा शब्द शोधून पाहिला, पण बरंच वाटत होतं.

त्यानंतर हॉटेलात गंमत सुरू झाली. बाबा चहाला गेले की कुणीतरी मुद्दाम मोबाईल टेबलावर उपडा घालायचा. “काय ड्रायव्हरानु, किती वाजले? थांबा थांबा, तुमका दाखवूक नको,” असं म्हणून मोबाईल खिशात टाकायचा. बाबांनी हॉटेलात जायचं सोडलं. मग समुद्रावर एकटेच जाऊन बसायला लागले. वहिनीने मला हे फोनवर सांगितलं आणि म्हणाली, “अगो, दी आता त्येंचो मोबाईल. नंबर लावक, बोलाक तरी. बांगड्यो माझ्यो गेल्यो, तुझ्यो नाय.”

“तुला पुन्हा काही जायला हवंय का?” मी विचारलं. तिने फोन ठेवला.

गणपतीच्या आधी थोडे दिवस बातमी आली. पैशाचे ऑनलाइन खेळ देशभर बंद. कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावायचे नाहीत. ऑफिसात सीनियर म्हणाले, “आता लोक परदेशातल्या साईटवर जातील. बंदीने माणूस सुधारत नाही.” या वेळी मला उत्तर सुचलं. “नसेल सुधारत,” मी म्हटलं, “पण बुडायला सोपं तरी करून देऊ नये. विहिरीला कठडा बांधतो ना आपण? मोठ्या माणसांच्या गावातसुद्धा बांधतो.” ते म्हणाले, “कठडा ठीक आहे. पण कठडा बांधणारा आत कोण पडतंय ते पाहत बसत नाही.” त्यांना माझ्या घरातलं काही माहीत नव्हतं, सहज बोलले. मला राग आला.

शनिवारी मी तोंडवलीला गेले. बाबांना बातमी सांगितली, जरा विजयाच्या सुरात सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे सगळ्यांका बंद?”

“सगळ्यांना.”

“बरा झाला. सरकारान सगळ्यांका बंद केल्यान, बाये. कोणाचा नाव घेवन नाय केल्यान. तू माका एकट्याक केलंस.”

“तुम्ही बांगड्या चोरल्या होत्या, बाबा.”

“व्हय. चोरलंय. त्येचा काय ता भोगलंय.” मग त्यांनी सरळ विचारलं, “आता खेळच नाय. माझो मोबाईल देतलंस?”

खेळ नव्हता, म्हणजे माझ्याकडे कारणही नव्हतं. मी म्हटलं, “बघूया.” आणि दिला नाही. परदेशातल्या साईट आहेत, कुणीतरी शिकवेल त्यांना, असं मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी, की घरात माझा शब्द चालत होता आणि तो चालतोय हे मला दिसत राहायला हवं होतं. मोबाईल ओरोसला माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली, बंद पडून होता; पेन्शनला नंबर लागतो म्हणून रिचार्ज तेवढा करत होते. आपण एखाद्याचं भलं करतोय असं एकदा ठरलं, की कुठे थांबायचं ते आपल्याला कुणी विचारत नाही. कायद्याला निदान कोर्टात कुणी विचारू शकतं.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याच्या ऑनलाइन नोंदणीचा ओटीपी बाबांच्या नंबरवर येणार होता, म्हणून मी मोबाईल चार्जिंगला लावला. सुरू झाल्याबरोबर तो एकसारखा वाजायला लागला. मोबाईल बंद असताना येऊन गेलेल्या फोनचे मेसेज होते. एकाच नंबरवरून नऊ. तळेऱ्याचे कंडक्टर. त्याखाली त्यांच्या मुलाचा मेसेज, तीन आठवड्यांपूर्वीचा. ‘काका, बाबांना कणकवलीला ॲडमिट केलंय. सारखी तुमची आठवण काढतात. फोन लागत नाही. जमलं तर येऊन जा.’

मी कंडक्टरांच्या नंबरवर फोन लावला. सुनेने उचलला. सासऱ्यांचं तेरावं होऊन गेलं होतं. “ते शेवटपर्यंत विचारत होते, ड्रायव्हर इलो काय म्हणान,” ती म्हणाली. मी कोण ते तिने विचारलं, मी सांगितलं नाही. ओटीपी आला, तो भरला. मग ते नऊ मेसेज आणि दहावा, सगळे पुसून टाकले.

शनिवारी गेले तेव्हा बाबांना कळलेलं होतं. वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरने सांगितलं होतं. बाबा जेवले नव्हते. मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, “बाये, त्येचो फोन इल्लो काय गो माझ्यार?”

खरं सांगितलं असतं तर ते मला बोलले असते. रडले असते. तेवढा त्यांचा हक्क होता. त्यांच्या मित्राने मरताना त्यांना हाक मारली होती, ती त्यांची होती, माझ्याकडे ठेवायची वस्तू नव्हती. हे सगळं मला त्या क्षणी समजत होतं. अजाणतेपणी बोलले असं मला म्हणता येत नाही.

“नाही,” मी म्हटलं. “आत्ताच सुरू करून बघितला मी. कुणाचा फोन नव्हता.”

मग बाबा म्हणाले, “जत्रेतला आयकल्यान आसतला. तळेऱ्यापर्यंत गेला आसतला.”

आपल्या चोरीची गोष्ट ऐकून मित्राने तोंड फिरवलं, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि मी तिथे उभी राहून ते ठरवू दिलं. वहिनी दारात होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं असावं, कारण त्या दिवसापासून ती मला जेवायला वाढते, पण माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मी पिशवीतून मोबाईल काढला आणि बाबांसमोर धरला. चार्ज करून आणला होता, चार्जरसकट. त्यांनी तो घेतला, जरा उलटसुलट करून पाहिला, बटण दाबलं नाही. परत माझ्या हातात दिला.

“ऱ्हवांदे तुझ्याकडेच,” म्हणाले. “माका आता कोण फोन करतलो?”

मी तो पिशवीत टाकला आणि संध्याकाळच्या गाडीने ओरोसला घेऊन आले.