मंगळ डेपोची सीलबंद डीव्हीडी

एका डीव्हीडीसाठी नाशिकहून नागपूरला गाडी घेऊन जायचं, हे ऐकून नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. पार्सल कर म्हणाला. लेक म्हणाली, आई, डीव्हीडी बघतं का गं कोणी आता? मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि माझा जुना डीव्हीडी ड्राइव्ह टॉवेलमध्ये गुंडाळायला लागले. हा ड्राइव्ह म्हणजे हट्टी प्राणी आहे. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नसते, आणि दुकानातले हलके ड्राइव्ह जरा ओरखडा दिसला की हात वर करतात. माझा घरघरत बसतो, पण डिस्क सोडत नाही.

तुम्ही माझा ब्लॉग वाचत असाल तर कॉमिक्सचे, गेमिंगचे, सायन्स फिक्शनचे मेळे जिथे भरतील तिथे मी जाते, हे तुम्हाला माहीत आहे. अशाच एका मेळ्यात मंगेश भेटला होता. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्ट करायची आणि उरलेल्या वेळात हाताने चित्रं काढायची, असं करत त्याने एकट्याने एक ॲनिमेशनपट बनवला, ‘मंगळ डेपो’. रामटेकहून एक लाल एसटी मंगळावर जाते आणि परत येते, एवढीच गोष्ट. कंडक्टरबाईचा आवाज त्याच्या आईचा. कुसुमकाकूंनी खरोखरच आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेली, त्यामुळे अभिनय वगैरे काही करायची गरजच पडली नव्हती. मेळ्यात मंगेश टेबलावर डीव्हीडी मांडून लाजत उभा होता आणि काकू येईल त्याच्या हातावर चिवडा ठेवून त्याला थांबवत होत्या. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याला त्या अशा काही बघायच्या की तो मुकाट्याने खिसे उलटे करायचा.

पुढे सिनेमा एका छोट्या मराठी ॲपवर गेला. मेळ्यात डिस्क घेतलेल्या लोकांनी, आता काय ऑनलाइन आहेच, म्हणून घर आवरताना डिस्का टाकून दिल्या. आणि मार्चमध्ये मंगेशचा फोन आला. “ताई, ॲप बंद झालं. कोणाले काही सांगितलं नाही, काही नाही. अन् माझी हार्ड डिस्कबी गेली. दुकानवाल्यानं हात टेकले. आईचा आवाज त्याच्यातच होता.”

काकूंचं गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. मी विचारलं, अरे, फोनमध्ये काहीतरी असेल ना? व्हिडिओ आहेत म्हणाला, पण सगळ्यांत आई एकच वाक्य बोलते, बंद कर गा ते.

मी कपाटातून माझी डिस्क काढली. अर्ध्यावर जाऊन अडकली. उलटी करून बघितली तेव्हा कारण कळलं, आणि डोक्याला हात लावला. मंगेशने प्रत्येक डिस्कवर स्वतः रंगवलेलं गोल कागदी स्टिकर चिकटवलं होतं. स्वतः बनवून विकणारे सगळे तेव्हा असंच करायचे, हाताने केलेलं दिसावं म्हणून. वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यात तो कागद आकसतो, फुगतो, डिस्कला वाकवतो. माझ्या डिस्कवर भोक आणि कडेच्या मधोमध फोड आला होता. मंगेशला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, एक डिस्क अजून आहे, इथे नागपुरातच, लकडगंजला, पण ती सीलबंद आहे आणि मालक उघडू देत नाही.

सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढले तेव्हा ऊन पडायचं होतं. जाणार असाल तर सांगते, टायरची हवा बघून घ्या, डबा घरून घ्या आणि एकटे असाल तर डोळा लागायला लागला की निमूटपणे थांबा, कारण रस्ता इतका सरळ आहे की माणूस जागेपणी घोरतो. टोल चांगलाच बसतो. जालन्यानंतर उन्हाने काच तापायला लागली. माझी सगळी काळजी सोबत घेतलेल्या माझ्या डिस्कची. एसीचा झोत मी स्वतःवर नाही, शेजारच्या सीटवरच्या पिशवीवर सोडला होता. जेवायला उतरले तेव्हाही पिशवी खांद्याला. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, औषध आहे का? मी हो म्हणून टाकलं.

नागपूरच्या नंदनवन भागात मंगेशचं घर शोधत पोचले तर काकू फाटकातच उभ्या. वाळल्या होत्या, पण बघणं तेच. हातात रुपयाचं नाणं. मंगेशने सांगितलं, आवाज गेल्यापासून आईची भाषा बदललीय. नाण्याने एकदा टिक केलं की थांब किंवा नाही. दोनदा केलं की चल किंवा हो. कंडक्टरची बेल, दुसरं काय. त्यांनी मला आत नेलं, ताटात पाटवडी आणि असा लालभडक रस्सा वाढला की माझ्या कानातून वाफा निघाल्या. पाणी मागितलं तर तांब्यावर एकदा टिक. आधी संपव.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री पोहे खाऊन (तर्री कमी सांगा, तरी जास्तच येते) मी आणि मंगेश लकडगंजला गेलो. डिस्कचे मालक प्रफुल्लभाऊ, त्यांचा लाकडाचा धंदा. बाहेर सागाच्या फळ्या आणि भुसा, आतल्या एसी खोलीत काचेच्या कपाटात रोबो, कॉमिक्स, गेमच्या कॅसेटी, सगळं न उघडलेलं. ‘मंगळ डेपो’ मधल्या फळीवर, प्लास्टिकच्या वेष्टनात, जशीच्या तशी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू.

चहा आला, कोल्ड्रिंक आलं, पण माणूस हलेना. मंगेशने कॉपी करून लगेच परत देतो म्हटलं. मी नवं वेष्टन लावून देते म्हटलं, त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही कीवेने बघितलं की मीच ओशाळले. शेवटी माझा पारा चढला. आवाज चढवून विचारलं, न बघता ठेवायचंय तर घेतलं कशाला?

प्रफुल्लभाऊ चिडले नाहीत. कपाटाकडे बघत म्हणाले, “ताई, समजा उघडलं, अन् आतलीबी खराब निघाली, मंग? आज माह्याजवळ पिच्चर आहे. उद्या तेबी नाही राहणार.”

“तुमच्याजवळ पिच्चर नाही, डबा आहे,” मी म्हटलं आणि उठले.

बाहेर येऊन मला स्वतःचाच राग आला. भीती त्यांची होती तीच माझीही होती. ही शेवटची डिस्क. हीसुद्धा गेली असेल तर न उघडता निदान आशा तरी राहते. मंगेश गाडीत डोकं टेकून बसला होता. म्हणाला, ते स्टिकर मीच लावले ना, ताई. मी गाडी सुरू केली.

घरी काकूंनी आमची तोंडं बघितली. मंगेशने सांगितलं ते उभ्यानेच ऐकलं, आणि पायात चपला सरकवल्या. भर दुपारी, नागपूरच्या एप्रिलमध्ये, जेव्हा कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आम्ही नको नको म्हणतोय तोवर त्या गाडीत जाऊन बसल्या.

प्रफुल्लभाऊ त्यांना बघून उभेच राहिले. मेळ्यात चिवडा खाल्लेल्यांत तेही होते. काकू, तब्येत कशी आहे, असं विचारून बसले आणि उत्तर येणार नाही हे लक्षात येऊन गोरेमोरे झाले. त्यांना ऑपरेशनचं माहीतच नव्हतं, आणि आम्ही दोघे शहाणे सकाळी नुसते कॉपी, कॉपी करत होतो. मंगेशने खालच्या आवाजात सांगितलं. काकूंनी कपाटाकडे बघितलं, मग प्रफुल्लभाऊंकडे, आणि काचेवर नाण्याने दोनदा टिक केलं.

प्रफुल्लभाऊंनी किल्ली काढली. डबा काकूंपुढे धरला. काकूंनी तो परत त्यांच्याच हातात दिला. “मीच फाडू?” त्यांनी विचारलं. दोन टिक. फळ्यांवर खुणा करायचं पातं घेऊन त्यांनी वेष्टन कापलं.

आत स्टिकर. फोड आलेलं. पण कडेला.

मंगेशने नख घातलं तशी मी त्याच्या हातावर चापट मारली. स्टिकर ओढलं की खालचा चंदेरी थरही त्याच्याबरोबर निघतो, मग सगळंच संपलं. माझ्या डिस्कचा फोड मधे, हिचा कडेला. म्हणजे जे माझीत वाचता येत नाही ते हिच्यात असू शकतं. प्रफुल्लभाऊंच्याच टेबलावर ड्राइव्ह जोडला, जमेल तेवढं उचलून अडेल ते सोडणारा प्रोग्रॅम लावला, आणि घरघर सुरू झाली. पट्टी सरकायची, थांबायची. थांबली की चौघांचाही श्वास थांबायचा. मधेच लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालला, एसी गेला, आणि मी पुठ्ठ्याने डिस्कला वारा घालत बसले. मला हसा खुशाल. प्रफुल्लभाऊ दुसरा पुठ्ठा घेऊन आले.

संध्याकाळी दोन्ही डिस्कांचे तुकडे जोडून मंगेशने सिनेमा लावला. काकूंचा आवाज आला, खणखणीत, सुट्टे द्या गा पयले. प्रफुल्लभाऊ पहिल्यांदाच बघत होते आणि लहान मुलासारखे हसत होते. मी काकूंकडे बघायचं टाळत होते, पण बघितलंच. त्यांचे ओठ प्रत्येक वाक्याला हलत होते.

आणि शेवट. मंगळावर अडकलेले प्रवासी घाबरलेत, गाडी परत जाईल की नाही कोणाला ठाऊक नाही, कंडक्टरबाई दारात उभी राहून म्हणते, “बसा गा सारे, गाडी घराकडे निघून राहिली.” मग डबल बेल. मला सिनेमातलं सगळ्यात आवडतं ते हेच. बाई दारात आली आणि चित्र गोठलं. आवाज नाही. पडदा काळा झाला आणि एकदम गाडी आभाळात दिसली. तेवढाच तुकडा दोन्ही डिस्कांत मेला होता. पुन्हा लावून बघितलं, पुसून बघितलं. नाही.

मंगेश काकूंपुढे बसला. “आई, आता तुझा एवढा आवाज भेटला. कॉम्प्युटरले दिला तर तेवढं वाक्य तुझ्याच आवाजात बनवून देते तो. कोणाले समजणारबी नाही.”

एक टिक.

“काहून पण?”

एक टिक, जरा जोरात. मग त्या उठल्या आणि प्रफुल्लभाऊंनी मागवलेल्या सांभारवडीची प्लेट माझ्यापुढे सरकवली. विषय संपला. मी मनातून मंगेशच्या बाजूची होते, हे लिहायला हरकत नाही. परतीच्या अख्ख्या वाटेवर तो काळा तुकडा मला खात होता.

नाशिकला येऊन कपाट उघडलं. माझ्याही पाच-सहा डिस्का सीलबंदच होत्या, जपून ठेवलेल्या. सगळ्यांची वेष्टनं फाडली. दोन खराब निघाल्या, वाईट वाटलं, बाकीच्यांच्या कॉपी केल्या. नवरा बघत होता, मग त्याने स्वतःहून हार्ड डिस्क आणून दिली.

महिन्याभराने कुरिअर आलं. नवीन डिस्क, स्टिकर नाही, वर मार्करने काकूंच्या अक्षरात ‘मंगळ डेपो’. ड्राइव्ह घरघरला. लेक सोफ्यावर येऊन टेकली. शेवट आला, कंडक्टरबाई दारात आली, पडदा काळा झाला. मंगेशने तो तसाच ठेवला होता, मूळ वाक्याइतकाच लांब. लेक म्हणाली, अडकली का गं?

मी तिला थांब म्हटलं. तेवढ्यात त्या काळ्या पडद्यातून नाण्याचा आवाज आला, तांब्यावरचा, मी ओळखला. टिक, टिक. आणि गाडी निघाली.