गुरुजींना कुणी बोलायचं न्हाय

लग्न होऊन मी बारामतीहून इंदापूर तालुक्यातल्या ज्या गावी आले, तिथं कॅनॉल होता, पण पाण्याचा भरवसा नव्हता. गाव पडलं कॅनॉलच्या शेपटाला. वरच्या गावांचे ऊस भिजून काही उरलं तर आमच्याकडं यायचं. माझ्या माहेरच्या मळ्यात पाणी ठरलेल्या पाळीनं येई. इथं ते पाव्हण्यासारखं होतं, आलं तर आलं.

आमचे हे तिथल्या शाळेवर गुरुजी. पहिली ते चौथी सगळी एकाच खोलीत, आणि शिकवणारे हे एकटेच. शाळेला लागून आमची राहायची खोली आणि मधे नुसती कुडाची भिंत. त्यामुळं पावकी-निमकीचे पाढे मला भाकरी थापता थापता पाठ झाले. हे शांत, मी तोंडाची फटकळ. गावानं ह्यांना अगदी डोक्यावर घेतलं होतं. ह्यांच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा वाटेत ह्यांना बघून बाजूला उभी राहायची. मला तेव्हा त्याचा फार गर्व वाटे. पुढं त्याच मानानं आमचा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

दर शनिवारी पोरं शाळा सारवायची. शेण गावातून यायचं आणि माती कॅनॉलच्या तळातून. कोरड्या कॅनॉलमधला गाळ लोण्यासारखा मऊ, त्यानं सारवलेली जमीन भेगाळत नाही. आमचं सगळं गावच त्या गाळानं सारवायचं. पाणी सुटायचं असलं की पाटकरी आदल्या दिवशी सायकलवरून गावोगाव सांगत यायचा. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, त्या सालच्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. त्या शनिवारी पाटकरी आला नाही, तापानं पडला होता म्हणे. पाणी मात्र आलं. ह्यांनी चौथीच्या काही पोरांना गाळ आणायला धाडलं होतं. आवाज ऐकून बाकीची पोरं काठावर चढली. एक जण रस्त्याखालच्या मोरीत शिरून गाळ काढत होता, त्याला चढता आलं नाही.

तो मेंढरं राखणाऱ्या घरातला. पोरगं एका जागी राहून शिकावं म्हणून बापानं त्याच वर्षी मेंढरं विकून जमीन कसायला घेतली होती.

त्या पोराला माती देऊन माणसं परत आली तेव्हा आबा चावडीपुढं उभे राहिले. आबा म्हणजे गावातले जाणते, त्यांचा शब्द खाली पडत नसे. ते म्हणाले, "झालं ते झालं. गुरुजींना कुणी एक शब्द बोलायचा न्हाय. पोरांनीबी त्या लेकराचं नाव शाळंत काढायचं न्हाय. देवमाणूस हाय त्यो, मोडून पडंल."

गावानं तो शब्द तंतोतंत पाळला आणि हे मोडून पडले.

दारात दुधाचा तांब्या यायचा, वांगी यायची, गवार यायची. आणणारी बाई उंबऱ्यावर ठेवून पदर सावरत निघून जायची. पूर्वी ती आत येऊन बसायची, चुलीपाशी दोन गोष्टी करायची. ह्यांना पाहून पारावरची माणसं पूर्वीसारखीच उभी राहायची, पण आता बोलणंच थांबवायची. त्यांना वाटायचं, आपण गुरुजींना जपतोय. हे घरी येऊन म्हणायचे, "पाहिलंस ना? माझ्याशी बोलायचीसुद्धा किळस येते त्यांना."

"अहो, मान देतात ते."

"खुनी माणसाला कुणी मान देत नाही."

मीही गावासारखीच मूग गिळून बसायची.

आणि शाळा! चाळीसएक पोरांची शाळा, पण भिंतीपलीकडून मला स्मशानासारखी ऐकू यायची. दुसरीतल्या एका मुलीनं शाळेतलं पाणी प्यायचं सोडलं. माठाकडं बोट दाखवलं तरी रडायची. त्या दिवशी काठावर चढून वाचलेल्या पोरांपैकी एक जण बसल्या जागी चड्डी ओली करायला लागला. चौथीतला घोडा, पण कुणी त्याला हसत नव्हतं. पोरं हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ह्यांनी कुणालाही नजरेआड करणं सोडलं. लघवीला गेलेलं पोरगं परत येईपर्यंत दारात उभे. सकाळी हजेरी, थोड्या वेळानं पुन्हा हजेरी, दुपारी पुन्हा. दर वेळी त्या पोराच्या नावाच्या जागी ह्यांचा आवाज अडायचा. पलीकडं सगळा वर्ग श्वास धरून बसायचा आणि इकडं माझी भाकरी तव्यावर करपायची. मग पुढचं नाव यायचं.

हल्ली नातवंडांच्या शाळेत पोरांच्या मनाचं बघायला वेगळी माणसं असतात म्हणे. ऐकून मला हेवा वाटतो. आमच्याकडं त्याला एकच शब्द होता, मनाला लावून घेतलंय. आणि त्यावर औषधही एकच, घेऊ नये लावून.

ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. शाळा सुटली की हे कॅनॉलच्या काठी जाऊन बसायचे, त्या मोरीपाशी. एरवी भरवशाचं नसलेलं पाणी त्या महिन्यात नेमकं हटलं नाही. मी धुण्याचं निमित्त करून मागोमाग जायची. धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायची. हे पाण्याकडं बघत आणि मी ह्यांच्या पाठीकडं. ह्यांचा सदरा जरा हलला की मी धुणं टाकून उभी राहायची. एकदा तसंच पाण्याकडं बघत हे अगदी शांतपणानं म्हणाले, "तू बारामतीला जा. तुझे भाऊ तुला अंतर देणार नाहीत."

इतक्या दिवसांत एवढं सरळ वाक्य ह्यांच्या तोंडून आलं नव्हतं. त्याचा अर्थ मला लगेच कळला. पिळा हातात तसाच राहिला. ह्यांना उठवून घरी आणेपर्यंत मी काय काय बडबडले ते मला आठवत नाही, पण हात सोडला नाही.

मग मी हातपाय मारायचे ते सगळे मारले. भांडून ह्यांना एस.टी.त बसवलं आणि बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी जीभ बघितली, नाडी बघितली, शक्तीचं औषध दिलं आणि हवापालट करा म्हणाले. शेजारणीच्या सांगण्यावरून देवऋष्याकडं गेले. त्यानं लिंबू उतरवून दिलं, ते तिठ्यावर टाकून आले. देव पाण्यात घातले. पाण्याचा एवढा राग आला होता तरी घातले. हे दिवसेंदिवस सुकतच चालले. बाटलीतलं औषध मी ओतून दिलं की ह्यांनी घेतलं, तेही आता सांगता येणार नाही.

शेवटी माझं डोकं फिरलं. तरातरा आबांच्या वाड्यावर गेले आणि ओसरीपुढं उभं राहून म्हणाले, "आबा, ह्यांना कुणीतरी शिव्या घाला."

आबा दचकले. "कुणाला?"

"तुमच्या गुरुजींना. चावडीवर बोलवा, चार लोकांसमोर विचारा, पोराला पाण्यात का धाडलं म्हणून. थोबाडात मारा हवं तर."

"बाई, काय बोलताय हे? गुरुजींना बोलायचं? जीभ झडंल आमची."

"जीभ झडू दे, पण माझा माणूस जगू दे. तुमच्या मौनानं तो मरायला लागलाय."

आबांचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. पण ते मान हलवत राहिले. "न्हाय वो. दिला शबूद कसा मोडू? तुमी म्हणाल तर बदलीसाठी तालुक्याला जाऊन येतो." मला त्यांचा इतका राग आला की वाकून नमस्कार न करताच मी निघाले.

निघाले ती थेट त्या पोराच्या घरी. महिना होत आला होता, आणि मी त्या घराची पायरी चढले नव्हते. मीच काय, शाळेतलं कुणीच गेलं नव्हतं. त्याची आई दारात बाजरी पाखडत होती. सूप थांबवून तिनं माझ्याकडं बघितलं. वाटेत मी पुष्कळ जुळवून आणलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "तुम्ही तरी येऊन बोला त्यांना. तुमचा हक्क आहे. हवं ते बोला. ते रोज कॅनॉलवर जाऊन बसतात हो."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "बाई, तुमी घरला जावा." आणि पुन्हा पाखडायला लागली. मी घरी आले. आता पुढं कुठं जायचं, ते मला माहीत नव्हतं. चूल न पेटवता मी नुसती बसून राहिले.

आमच्याकडं घरात माणूस गेलं की पहिला सण यायच्या आत सोयरे दुखवटा घेऊन येतात. बायकांना लुगडं, पुरुषांना टॉवेल-टोपी द्यायची, आणि गोड घास भरवून त्यांना दुःखातून बाहेर आणायचं. संक्रांत तोंडावर आली होती. त्या बाईच्या माहेरचे गाडी जुंपून दुखवटा घेऊन आल्याचं मला शेजारणीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत आली.

नवं लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. नवरा मागं अंगणातच थांबला. त्याला आत यायचं धाडस होईना. आमच्या दारातून मी तिला बघितलं आणि भिंतीपाशी धावले. मीच बोलावलं होतं, पण आता ती खरोखर काय बोलेल ह्या भीतीनं कुडाच्या फटीला डोळा लावला. पोरं आपोआप उठून उभी राहिली. ह्यांच्या हातातला खडू खाली पडला.

तिनं फडकं सोडलं. नवा टॉवेल, पांढरी टोपी आणि वाटीत शिरा. "गुरुजी," ती म्हणाली, "माझा दुखवटा माझ्या भावांनी काढला. तुमचा कुणी काढला न्हाय."

टोपी घालायची ती पुरुषानं, रीत तशी आहे. आणि जिच्या घरचं माणूस गेलं, ती तर कधीच दुसऱ्याचा दुखवटा काढत नाही. पण तिनं आपल्या हातांनी ती टोपी ह्यांच्या डोक्यावर ठेवली. हे खांबासारखे उभे. मग ती पोरांच्या पुढ्यात जमिनीवरच बसली.

"माझ्या घरात त्याचं नाव कुणी घेत न्हाय," ती पोरांना म्हणाली. "मला वाईट वाटंल म्हणून. गावात घेत न्हायती. आता मलाच वाटाया लागलंय, म्या खरंच त्याला जन्म दिला का न्हाय. शाळंत काय करायचा त्यो, मला सांगा की."

मग जो चड्डी ओली करायचा, तोच पोरगा खाली बघत बोलला, "त्याला पावकी येत न्हवती. म्या हळूच सांगायचो." मागून कुणीतरी म्हणालं, "मेंढरागत वरडायचा. अगदी हुबेहूब." एक पोरगी म्हणाली, "माझी पाटी त्यानंच फोडली." त्या बाईला हसू आलं, तोंडाला पदर लावून ती हसली, आणि मग सगळी एकदमच बोलायला लागली, त्याच्या नावानं, मोठमोठ्यानं. महिनाभरात त्या खोलीतून आलेला तो पहिला गलका. भिंतीला धरून मी रडत होते.

ह्यांचा आवाज आला तशी पोरं गप्प झाली.

"मीच धाडलं त्याला," हे म्हणाले.

मला वाटलं, आता ती म्हणेल, तुमचा काय दोष, आमचं नशीब. चारचौघांत असंच म्हणतात.

"व्हय," ती म्हणाली. "तुमीच धाडलं. आन सकाळी पोट दुखतंय म्हणून वाकळंत दडलं व्हतं, त्याला वढून शाळंत म्या धाडलं. म्हंजी दोघांचं हाय ते. तुमी एकलंच ते घिऊन कुठं निघालाय?"



"कुठं नाही," हे म्हणाले, आणि सगळ्या पोरांसमोर रडायला लागले.