लेकरू, रेडकू, म्हैस आणि मी

डॉक्टरांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "म्हशीच्या सडांवर असेच फोड आहेत का?"

मी भूमच्या दवाखान्यात गेले होते ती देवी आलेली बाई म्हणून. आमचं सारं ईट गाव मला तसंच समजत होतं. आजारी मी आणि विचारपूस म्हशीची, हे ऐकून आमचे मालक गांगरलेच. हो, आहेत म्हणाले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मग हा स्मॉलपॉक्स नाही." स्मॉलपॉक्स म्हणजे आपल्या देवी. ते ऐकलं आणि मी मटकन बाकावर बसले.

जनावराचं दुखणं माणसाला लागतं का, असं शेजारणी मला अजून विचारतात, म्हणून हे लिहायला घेतलं. लागतं. माणसाचंही जनावराला लागतं. माझ्या घरात दोन्ही एका दमात झालं.

मराठवाडा महाराष्ट्रात येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझा मुलगा दहा महिन्यांचा होता. गावात देवी टोचणारे आले तेव्हा मी त्याला स्वतः पुढं केलं. माझ्या दंडावर मात्र टोचल्याची खूण नव्हती, कारण माहेरी अणदूरला टोचणारे आले की आजी मला कणगीत लपवून ठेवायची. पोराचा दंड सुजला, फोड टरारले, तसा तो किरकिर करायला लागला. सासूबाईंनी फोडांवर लोणी लावलं. गार वाटावं म्हणून लावलं, त्यात त्यांची माया होती.

आमची म्हैस मैना माझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नसे. सासूबाईंना लाथ, मालकांना शेपटीचा फटका, आणि मी नुसती कासेला हात लावला की पान्हा. याचा मला केवढा तोरा होता. अजून आहे.

थोड्या दिवसांनी मैनेच्या सडांवर फोड दिसले. मग माझ्या बोटांवर. फोड मोठे होते, मधे खळगा पडलेले. ताप चढला, काखेत अवधाणाची गाठ आली, हात उचलवेना.

सासूबाईंनी फोड पाहिले आणि पोर माझ्या मांडीवरून उचललं. त्यांच्या तोंडावर देवीचे वण होते. त्या लहान असताना त्याच साथीत त्यांचे दोन भाऊ गेले होते. म्हणून त्यांचा मला राग आला तरी तो टिकला नाही.

मला आतल्या खोलीत ठेवलं. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरातली फोडणी बंद झाली. औषधाचं नावही काढायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आई पावनी म्हनून आलीया. तिला सुई-दवा चालत न्हाय." एक डहाळा त्यांनी मैनेच्या शिंगालाही बांधला. शेजारणी नारळ घेऊन आल्या, त्यातला निम्मा मान मैनेला गेला. घरात एकाच वेळी दोघींच्या अंगावर आई आली, ही गोष्ट सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला जरा ताठ मानेनंच सांगत होत्या.

पण भिंतीपलीकडं पोर रडत होतं. त्याला शेळीचं दूध कापसानं पाजायचे आणि ते तो थुंकून टाकायचा. इकडं माझी चोळी भिजून जायची. पोर रोडावलंय हे मला त्याच्या रडण्यावरून कळत होतं, आवाज बारीक होत चालला होता. तापापेक्षा मला त्याची धास्ती होती.

एक दिवस मी दारातूनच मालकांना म्हणाले, "गाडी जुंपा. देवीआईला काय सांगायचं ते माझं मी सांगीन."

मालक सासूबाईंच्या शब्दाबाहेर कधी जात नसत. त्या दिवशी त्यांनी गाडी जुंपली. देवी आलेल्या बाईला एसटीत कोण बसू देणार? मी पुढं, हात जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेले. सासूबाई पार मागं, पोराला पदराखाली घेऊन. ईटपासून भूमपर्यंत ते माझ्याकडं झेपावत होतं आणि त्या त्याला मागं ओढत होत्या.

डॉक्टरांनी आधी पोराचा दंड पाहिला. खपल्या नुकत्याच पडलेल्या होत्या. या फोडांना काय लावलं होतं, त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, लोणी. मग ते कुणी चाटलं का? तेव्हा मला आठवलं. मी धारेला बसले की पोर शेजारी पोत्यावर असायचं आणि मैनेचं रेडकू त्याचा दंड चटाचटा चाटायचं. आम्हाला तर कौतुकच वाटायचं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी साध्या शब्दांत उलगडून सांगितलं. टोचतात ते व्हॅक्सिन, म्हणजे लस. तिच्यातली देवी जिवंत असते, पण सौम्य असते. ती पोराच्या फोडातून रेडकाच्या तोंडात गेली, रेडकू आईला प्यायलं तेव्हा सडांना लागली, आणि सडांवरून माझ्या बोटांत आली. पुस्तकात तिला व्हॅक्सिनिया म्हणतात. खऱ्या देवीची ही गरीब बहीण, ते म्हणाले, थोडं त्रास देईल आणि जाईल.

मला त्यातलं एकच विचारायचं होतं. मी विचारलं, "मग लेकराला कधी घिऊ?"

"आत्ता घ्या," डॉक्टर म्हणाले. "दुखणं त्याच्याकडूनच तुमच्याकडं आलंय. ते आता त्याला परत होणार नाही. तुमच्याजवळ यायला सगळ्यात निर्धास्त कोण असेल, तर हेच पोर."

त्यांनी माझ्या फोडांना जांभळं औषध लावलं, दोन्ही हातांना बोटांपासून मनगटापर्यंत पट्ट्या बांधल्या. काखेतल्या गाठीसाठी सुई दिली. घरी मैनेचे सड पोटॅशच्या गुलाबी पाण्यानं धुवायचे, तिचं दूध बरी होईस्तोवर कुणी प्यायचं नाही, असं बजावलं.

तुमच्या घरी गाय-म्हैस असो, कुत्रं-मांजर असो, त्याला दूर लोटू नका. फक्त जखम उघडी ठेवू नका, जनावराला ती चाटू देऊ नका, आणि गोठ्यात शिरताना व निघताना हात धुवा. आणि अंगावर फोड आला तर देवीला नमस्कार जरूर करा, पण गाडीही जुंपा. मी जुंपायला लावली याचा मला आजही अभिमान वाटतो.

दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही बाहेर आलो. मी पदर सारला, पण पट्ट्यांच्या हातांनी पोर धरता येईना. मग सासूबाई माझ्याजवळ बसल्या, अगदी मांडीला मांडी लावून, आणि स्वतःच्या हातांनी त्यांनी नातवाला माझ्या छातीशी धरलं. पोरानं आधी तोंड फिरवलं, मग ओळखलं. ते घटाघटा प्यायला लागलं तशा सासूबाई रडल्या. मीही रडले.

पट्ट्या निघेपर्यंत रोज, प्रत्येक वेळी, त्याच त्याला धरत. शेजारणी दारात येऊन बघत, तरी त्या हलत नसत. पट्ट्या निघाल्या त्या दिवशी मी हात पुढं केले आणि म्हणाले, आता द्या, मी धरते.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "त्याला आता असंच ग्वाड लागतंय."

मी हात मागं घेतले.