शेवट न पाहिलेले बोलपट

बाहेरून घरी यावं आणि दाराला दुसऱ्या कुणी लावलेलं कुलूप दिसावं, हे मी आत्या गेली त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं. मी परीक्षेसाठी पुण्याला होते. तारेत 'प्रकृती गंभीर, निघ' एवढंच होतं. नगरला उतरले, टांगा करून माळीवाड्यातल्या घरापाशी आले, पिशवी पायरीवर ठेवली आणि तशीच उभी राहिले. शेजारची दूधवाली भागाबाई गोठ्यात शेण काढत होती. शेणाचे हात तसेच अधांतरी धरून ती पुढे आली. "कुमाताई, लई उशीर झाला गं बाई... दवाखान्यातनंच नेलं त्यांला. समदी नदीवर गेल्यात. तू बस हितं, पानी आनते." मी बसले. कुलपाकडे पाठ करून बसले, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. का ते सांगायचं तर आत्याच्या सिनेमांबद्दल सांगायला हवं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची, धाकटी बहीण. मी पाळण्यात असताना आई गेली आणि त्याच सुमारास आत्या पारनेरचं सासर सोडून आमच्याकडे आली. 'सोडून' हा घरात वापरायचा शब्द. नाना कचेरीत कारकून होते, फारसे न बोलणारे. मीही त्यांच्यावरच गेले आहे. शाळेत इंग्रजीतून विचारलेल्या प्रश्नाला मला उत्तर देता येई, पण घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. आत्याला त्याचं काही वाटत नसे. "शेजारी गप्प बसणारं माणूस हवंच सिनेमात," ती म्हणे, आणि बुधवारी तीनच्या खेळाला मला घेऊन जाई. ती सिनेमाची वेडी होती असं नाही. गाण्यांची पुस्तकं घेणं, नटनट्यांची नावं पाठ असणं यातलं तिच्याकडे काही नव्हतं. टांग्यातून बँड वाजवत जाहिरात गेली की दारात येऊन विचारी, "कसला आहे?" पौराणिक असो, सामाजिक असो, मारामारीचा असो, जायचं.

आणि मतं मात्र स्वच्छ. एका पौराणिक चित्रात देव प्रकट झाले, सगळ्या बायकांनी हात जोडले. आत्या म्हणाली, "मुकुट सैल झालाय त्याचा. एका हातानं धरूनच आशीर्वाद देतोय." दुसऱ्या एकात नायकाची आई अंथरुणाला खिळलेली, हा औषध आणायला निघालेला आणि वाटेत बागेत गाणं म्हणतोय. आत्या पुढच्या बाकावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "अरे, बाटली कुठाय तुझी?" मारामारीच्या चित्रात तिला फक्त घोडा आवडला होता. "कामाशी काम. रडला नाही, गायला नाही." एकदा छावणीतल्या थिएटरात इंग्रजी चित्र पाहिलं. माझं शिक्षण काय उपयोगाचं ते कळावं म्हणून मी कानात मराठी सांगायचं असं ठरलं. गोरी नायिका बराच वेळ बोलत होती. आत्यानं कोपर मारलं. मी कुजबुजले, "ती म्हणते, मी तुला कधीच विसरणार नाही." आत्या म्हणाली, "म्हणजे विसरणार. पुढं सांग."

खोकून खोकून मरणाऱ्या नायिकांवर तिचा विशेष राग होता. अशा बायकांचे केस शेवटपर्यंत विंचरलेले असतात, उशीला एक सुरकुती नसते. "आजार पाहिलाय का यांनी कधी?" ती म्हणे. हे मी हसत ऐकलेलं आहे.

पण आत्यानं एकाही चित्राचा शेवट पाहिला नव्हता. थिएटरच्या बाजूच्या दाराला फट होती. तिच्यातून उन्हाचा एक पट्टा आत येई आणि हळूहळू सरके. तो ठरलेल्या खुर्चीच्या पायाशी आला की आत्या उठे. ऋतूप्रमाणे खुर्ची बदले, पण उठणं चुकत नसे. पडद्यावर खून होत असो की लग्न. "चल कुमे. नाना येईल." नानांच्या आधी घर उघडलेलं हवं, चुलीवर आधण हवं. मग वाटेत, कापडबाजारातून भरभर चालताना, शेवट ती स्वतःच सांगून टाकी. "लग्न होईल. दुसरं काय करतील?" किंवा, "तो मुलगा पुरात वाहून गेलेला नाहीये, बघ. येईल दाढी लावून." आणि गंमत अशी की बुधवारी नाना हमखास उशिरा येत. दिवेलागण होऊन जाई. आत्या चहा पुन्हा गरम करी, गूळ घातलेला, कारण लढाईच्या दिवसांत साखर कुठली. "बुधवारी साहेब फार राबवतो त्याला," ती हळहळे.

दोन वर्षांमागे एक सामाजिक चित्र आलं होतं. नवरा बायकोला टाकून शहरात निघून जातो, ती उंबऱ्याशी दिवा ठेवून वाट बघत राहते. आम्ही उठलो तेव्हा पडद्यावर ती तशीच बसलेली होती. त्या दिवशी कापडबाजार सरला, घर आलं, तरी आत्यानं शेवट सांगितला नाही.

मग तिला क्षय झाला. मागची खोली, वेगळं ताट, वेगळा पेला. एकदा तिनं आरसा मागितला, पाहिला, परत दिला. "पडद्यावरच्या बायका खोकल्यानं गोऱ्या होतात. मी बघ..." पुढे तिला धाप लागली.

त्याच दिवसांत ते उंबऱ्यावरच्या दिव्याचं चित्र पुन्हा गावात लागलं. बँडचा आवाज मागच्या खोलीपर्यंत आला. आत्यानं मला हाक मारली. "कुमे, तू जा. शेवटपर्यंत बस. मी आहे ना घरात, कुलूप नाही लागायचं." मी म्हटलं, कुलूप लागलं तर काय होतं आत्या, नाना घटकाभर थांबतील. तेव्हा तिनं सांगितलं. लग्नानंतर माहेरपण करून ती पारनेरला परतली. सर्व्हिस मोटारीतून उतरली, डोक्यावर लाडवांचा डबा घेऊन घरापर्यंत चालत गेली, तर दाराला कुलूप. नवरा भांडीकुंडी घेऊन निघून गेला होता. कुठे, ते कुणी सांगेना. ती पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी समोरच्या बाईनं पाणी दिलं. "डबा तिलाच दिला मी," आत्या म्हणाली. "पण दमून आलेल्या माणसाला कुलूप दाखवायचं नाही, हे तिथंच ठरवलं. जा आता, खेळ सुरू होईल."

मी गेले. उन्हाचा पट्टा खुर्चीशी आला, पुढे सरकला, मावळला. मी बसून राहिले. घरी आले तेव्हा ती उशीला टेकून दाराकडे बघत होती.

"आला का तो?"

"आला."

"घेतलं तिनं घरात?"

"हो. पाया पडला तो. मग गाणं होतं."

आत्या भिंतीकडे वळली. "खोटं आहे सगळं," ती म्हणाली. मग पाठमोरीच विचारलं, "दार उघडं होतं ना तिचं?" मी हो म्हटलं. "तेवढं बरोबर दाखवलंय." हे तिचं शेवटचं मत.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. एका संध्याकाळी मी सहज नानांना म्हटलं, आता बुधवारीसुद्धा लवकर येता तुम्ही, काम कमी झालं वाटतं. नाना ओसरीवर पंचांग चाळत होते. ते मिटून मांडीवर ठेवलं. "बुधवारी काम कधीच नसे. तुमचा खेळ सुटायला वेळ लागतो... म्हणून वेशीपाशी बसून राहायचो. म्हटलं, पुरा बघून येऊ दे तिला." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिनं एकही खेळ पुरा पाहिला नव्हता हे त्यांना कळलं असावं. इतकी वर्षं ते तिथे बसून आणि ती इथे आधण ठेवून. एका घरात. कुणी कुणाला विचारलं नाही. हे कुठे नेऊन ठेवावं ते मला समजत नाही. आत्याला सांगता आलं असतं तर ती काय म्हणाली असती तेही मला सुचत नाही. तिच्यासारखं शेवट सांगणं मला येत नाही.

गेल्या बुधवारी मी एकटीच तीनच्या खेळाला गेले. ठरवून शेवटपर्यंत बसले. काय पाहिलं ते विचाराल तर आठवत नाही. फटीतला पट्टा खुर्चीवरून पुढे गेला तेव्हापासून मी फक्त भिंत बघत होते. घरी आले तर दाराला कुलूप तसंच, आणि खाली पायरीवर नाना बसलेले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मी विचारलं, "तुमच्याकडची किल्ली?" त्यांनी कोटाच्या खिशातून ती काढून दाखवली.

"आहे," ते म्हणाले. "उघडवत नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. काही वेळानं भागाबाईनं पाण्याचे दोन पेले आणून आमच्यामध्ये ठेवले.