दादाच्या चेहऱ्याची अंधारातली बाजू

दादाच्या चित्रातला वाकड्या बाजूचा डोळा मी पुसला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला चांगली म्हणायला नको.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. माणसांचे चेहरे काढायचा, तेलरंगात. बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एक खोली होती, अर्ध्यात दादा, अर्ध्यात दुकानाच्या पाट्या रंगवणारा पेंटर, मध्ये पडदा. दादाच्या खिडकीला खाकी कागद चिकटवलेला. भर दिवसा अंधार करून बसायचा आणि एकच दिवा लावायचा. दिव्याला पत्र्याचा डबा कापून केलेली टोपी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की दिवा वर, मग बाजूला, मग जरा खाली, परत वर. माणूस कंटाळून जायचा. मग नाकाची सावली गालावर पडायची, अर्धं तोंड अंधारात जायचं आणि त्या अंधाऱ्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एवढासा तिकोनी तुकडा उरायचा. तो तुकडा पडला की दादा म्हणायचा, हं, आता माणूस आला.

लोकांना ते पटायचं थोडंच. भांड्यांचा दुकानदार चित्र न्यायला आला तेव्हा मी तिथेच होते. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "माझा एक कान कुठे गेला हो?"

"आहे की आत."

"आत कुठे?"

"अंधारात. घरातले दिवे गेले की तुमचे कान जातात का?"

"बायकोला विचारा. ती म्हणते दिवे असताना पण नसतात."

पडद्यामागून पेंटर खो खो हसला. दुकानदार घेऊन गेला चित्र.

आणि दादा थापा मारत नव्हता. तो आधी अख्खा चेहरा काढायचा, दोन्ही डोळे, दोन्ही कान, तीळ असला तर तीळ. सुकू द्यायचा. मग त्याच्यावर अंधार चढवायचा, पातळ पातळ, हातावर हात, मधेच बोटाने पुसून घ्यायचा. मी म्हटलं होतं, झाकायचंच आहे तर काढतोस कशाला एवढं? तर म्हणाला, "ढमे, खाली कोणी नसलं तर तो नुसता काळा रंग झाला." ढमी म्हणजे मी. लहानपणी गोल होते, ते नाव काही सुटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातला आरसा पडला. वहिनी धावली तोवर डावी बाजू गेली होती. हात, पाय, अर्धं तोंड. उजवा हात तेवढा धड राहिला. त्यानंतर वहिनीनं त्याला भरवलं, पुसलं, उठवलं, बसवलं. पाणी प्यायला की अर्धं गळ्यावर यायचं. बोबडं बोलून वर जोक मारायचा, "आता तुझ्याशी अर्ध्याच तोंडाने भांडीन, निम्मा त्रास वाचला." वहिनी हसायची आणि आत जाऊन नळ सोडायची.

मग एक दिवस म्हणाला, मला माझा चेहरा काढायचाय. पेंटर आणि मी त्याला खुर्चीसकट जिना चढवून नेलं. समोर आरसा लावला. डावा हात चालत नव्हता म्हणून दिवा मी धरला. दोन महिने दुपारी असेच जायचो. पहिल्यांदा चेहरा काढला तेव्हा मला बघू दिला नाही, कापड टाकून ठेवायचा. अंधार चढवायच्या वेळी म्हणाला, "ढमे, दिवा बाजूला ने. अजून. अजून."

मी म्हटलं, "दादा, गालावरचा तुकडा गेला की."

"जाऊ दे."

चित्र झालं तेव्हा त्यात उजवी बाजू होती, एकदम जिवंत, आणि वाकडी बाजू काळोखात बुडालेली. मला म्हणाला, "वर्षभर हात लावू नका. वरून सुकलेलं दिसतं, आतून ओलंच असतं." त्यानंतर चौथ्या महिन्यात दादा गेला.

घरात त्याचा फोटो नाही. काढूच द्यायचा नाही. म्हणायचा, फोटोवाला समोरून लाइट मारतो आणि तोंडाची कोरी पाटी करतो. ओळखपत्रावरचा एक आहे, नखाएवढा, त्याच्यावर पण शिक्का. वहिनीला भिंतीवर लावायला काहीतरी पाहिजे होतं म्हणून मी तिला खोलीवर नेलं, चित्र दाखवलं. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "अर्धा माणूस मी दीड वर्ष सांभाळला. आता भिंतीवर पण अर्धाच का?" आणि जिना उतरून गेली.

ते माझ्या डोक्यात बसलं. मला वाटलं दादानं खाली चांगला, आधीचा चेहरा काढून ठेवला असेल. अंधार तेवढा काढला की वहिनीला अख्खा नवरा मिळेल. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. पेंटर बाहेर होता. दिवा लावला, काडीला कापूस गुंडाळला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला. दादा चुकलेलं असंच पुसायचा, मी बघितलेलं होतं.

कापसाला तपकिरी रंग आला आणि खालून कान निघाला. खरंच निघाला. मी रडायला लागले आनंदाने. मग गाल. गाल खाली ओघळलेला होता. मी तरी थांबले नाही. मग डोळा आला.

तो आजारातलाच डोळा होता. पापणी पडलेली, कड लाल, खालच्या पापणीत पाणी साठलेलं आणि त्या पाण्यात दिव्याचा ठिपका. त्यानं काहीच लपवलं नव्हतं. आणि तो डोळा दिव्याकडे बघत होता, म्हणजे दिवा धरून मी उभी राहायचे तिकडे.

मी बघतच राहिले, आणि तेवढ्यात तो हलला. पापणी घसरून गालावर आली. मला कळेना, मी घाबरून कोरडं फडकं दाबून धरलं, म्हटलं थांबेल. फडकं काढलं तर डोळा फडक्यावर. कॅनव्हासवर नुसता मळकट डाग. वर्षभर हात लावू नका म्हणाला होता तो, आणि मला ते तेव्हा आठवलं.

पेंटर आला तेव्हा मी जमिनीवर बसले होते. मी त्याचे पाय धरले, म्हटलं तेवढा डोळा काढून दे.

"ताई, मी अक्षरं काढणारा माणूस. पाय सोडा आधी."

"जमेल तसा काढ."

"कसा काढू? मी बघितलाय का तो? तुम्ही बघितलाय."

वहिनीला सांगावंच लागलं. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, कसा होता. मी सगळं सांगितलं, पापणी, लाल कड, पाणी, ठिपका. ती म्हणाली, "बरं झालं गेला." मला वाटलं संपलं.

पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, परत सांग, कसा होता. मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत. आता रोज विचारते. मी रोज दुपारी खोलीवर जाते, दिवा लावते, त्या डागासमोर बसते आणि आठवते, मग येऊन तिला सांगते. फडकं डब्यात जपून ठेवलंय, त्यात आता काही ओळखू येत नाही.

काल सांगत होते तर शेंगा सोलता सोलता वहिनी मधेच थांबली. म्हणाली, "परवा म्हणालीस ठिपका पाण्यात होता. आज म्हणतेस बुबुळात. नक्की कुठे होता?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हातातली शेंग तशीच होती.

"आठव ना गं," म्हणाली. "तुझ्याशिवाय कोणी बघितलेला नाही."

मला आठवत नाही.